सणाच्या पंगतींतील माळकरी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत, खर्डी हें स्थानक लागतें. पश्चिमेस तानसा तलावाभोंवतालचें रान, पूर्वेस सह्याद्रीची रांग आणि मध्यें भाताचीं खाचरें असा हा मुलूख. येथें व शेजारच्या मुरबाड तालुक्यांत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशी वस्ती आहे. यांतील बहुतेक घरांत मासळी व मांस वर्ज्य नाहीं. किंबहुना धुळवडीसारख्या दिवशीं घरांत मांस शिजलें नाहीं तर सण झाल्यासारखें वाटत नाहीं. तरीसुद्धां गांवोगांव अशीं माणसें आढळतात कीं, जीं त्या दिवशींही त्या ताटाला शिवत नाहींत. त्यांच्या गळ्यांत तुळशीची माळ असते. लोक त्यांना माळकरी म्हणतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत शाकाहार पुष्कळदां जन्मानेंच पदरीं आलेला असतो. आजा-पणजानें जें खाल्लें नाहीं तें नातवानेंही खाल्लें नाहीं, यांत त्याला विशेष कांहीं करावें लागत नाहीं. सणाच्या दिवशीं तर त्याची चंगळच असते. पुरणपोळी झाली, श्रीखंड झालें. माळकऱ्याचें तसें नाहीं. त्याचा नियम त्यानें स्वतः पत्करलेला असतो, आणि त्याच्या बायकोचा, भावाचा, मुलांचा तो असेलच असें नाहीं. भारताच्या महानिबंधकांच्या २०१४ सालच्या नमुना पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा वर्षांवरील सुमारें शेंकडा ४० लोकांनीं स्वतःस शाकाहारी म्हटलें. परंतु एकाच चुलीवर दोन रीतींनीं जेवणारें घर अशा आंकड्यांत दिसत नाहीं, आणि खरा प्रश्न तर त्या घराचाच आहे.

वारकरी संप्रदायांत माळ घेणें म्हणजे पंढरीची वारी, दर एकादशीचा उपवास, नामस्मरण आणि मद्यमांसाचा त्याग हे नियम स्वीकारणें होय. माळ तुटली तर ती पुन्हां ओवून गळ्यांत घालीपर्यंत निष्ठावंत माळकरी अन्न घेत नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. ज्याच्या घरीं दर आठवड्यास मांस शिजतें त्याचा त्याग एक, आणि ज्या कष्टकऱ्याला बोकडाचें मांस वर्षांतून चार-सहा वेळांच, तेंही सणाला, दिसत आलें त्याचा त्याग निराळा. तो जिव्हेचें सुख तर सोडतोच, पण भाऊबंदांबरोबर एका पातेल्यांतलें जेवण्याचें सुखही सोडतो. हें दुसरें सोडणें अधिक कठीण.

दिलेला शब्द येथें किती उपयोगी पडतो याचें प्रसिद्ध उदाहरण निराळ्याच ठिकाणचें आहे. १८८८ सालीं विलायतेस निघण्यापूर्वीं गांधीजींनीं बेचरजी स्वामी या जैन साधूंसमक्ष, आईच्या समाधानासाठीं, मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली. मांसाहार वाईट आहे असें त्या वेळीं त्यांच्या बुद्धीला पटलेलें नव्हतें. तें पटलें लंडनमध्यें हेन्री सॉल्ट यांचें पुस्तक वाचल्यावर. तोंवर मित्रांचा आग्रह त्यांनीं केवळ शब्दासाठीं परतविला. खर्डीकडच्या माळकऱ्याची स्थिति अशीच असते. तो शेजाऱ्याशीं वाद घालीत नाहीं. माळ पाहिली कीं आग्रह करणाराच हात आवरतो.

वर्षांतील सर्व सण त्याला सारखे नसतात. सर्वांत अवघड आषाढी अमावास्या. शास्त्रांत ही दीपपूजेची अवस. लोकांनीं तिला दिलेलें गटारी हें नांव कानाला गोड नाहीं, परंतु तेंच प्रचारांत आहे. पुढें श्रावणभर मांस खावयाचें नाहीं, म्हणून आदल्या दिवसांत सगळी हौस पुरवून घेतात. चार-सहा घरें मिळून बोकड घेतात व त्याचे वांटे घालतात. त्यांतही वार आडवा येतो तो येतोच. २०२५ सालीं ही अमावास्या गुरुवारीं आली, तेव्हां गुरुवार पाळणाऱ्यांना आपली हौस आधींच उरकून घ्यावी लागली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो, आणि सारा गांवच माळकऱ्याच्या पंगतीला येऊन बसतो. त्या महिन्यांत त्याला कोणी वेगळा समजत नाहीं.

प्रत्यक्ष स्वयंपाक कसा निभावतो हें पाहण्यासारखें आहे. मांस पुष्कळ ठिकाणीं अंगणांत किंवा पडवींत, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत शिजवितात; घरांतली चूल माळकऱ्याच्या अन्नासाठीं राखलेली असते. त्याचें तोप, त्याची पळी निराळी. मात्र वाटण एकच. खोबरें व कांदा भाजून पाट्यावर वाटला कीं त्याचा एक गोळा आधीं बाजूला काढतात. त्यांत वाल, काळे वाटाणे किंवा शिमग्याच्या सुमारास मिळणारा कोवळा फणस पडतो. उरलेलें वाटण अंगणांत जातें. म्हणून माळकऱ्याच्या रश्शालाही सणाचाच वास येतो, आणि तांदळाची भाकरी तर दोहोंकडे तीच. कांदा-लसूण सगळेच माळकरी वर्ज्य मानीत नाहींत. चातुर्मासांत मात्र कित्येक सोडतात, आणि मग आषाढी अवसेचें त्यांचें वाटणही निराळें करावें लागतें.

वाल ही या भागांतील माळकऱ्याची खरी ठेव. भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर तो येतो. रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून त्याच्या डाळिंब्या करावयाच्या म्हणजे घरांतल्या बायकांची अर्धी सकाळ जाते. पहिल्या पावसासरशीं रानांत शेवळाचे कोंब वर येतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्यानें घसा खाजतो, म्हणून काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालून ती भाजी करतात. एरवीं तींत सोडे पडतात. माळकऱ्यासाठीं चण्याची डाळ घालून ती वेगळी काढतात. अडचण खरी सुक्या मासळीचीच. बोकड दिसतो, पण पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा चटणींत केव्हां मिसळला तें दिसत नाहीं.

आतां एक गोष्ट फारशी बोलली जात नाहीं ती. घरच्या कर्त्या पुरुषानें माळ घातली तर बहुधा घराची चूलच बदलते. दोन-दोन भांडीं कोण सांभाळणार म्हणून मांस बंद होतें, आणि मुलें मामाच्या घरीं जाऊन तें खातात. बाईनें माळ घातली तर तिचें ताट तेवढें बदलतें. घरच्यांसाठीं रस्सा तिलाच रांधावा लागतो. तिला तो चाखतां येत नाहीं. मीठ अंदाजानें घालावयाचें आणि पोराला बोलावून विचारावयाचें. मग हात धुऊन आपली भाजी शेवटीं चढवावयाची. माळेचे नियम दोघांनाही सारखेच आहेत. त्यांचा भार मात्र सारखा नाहीं, आणि त्याबद्दल कीर्तनांतही क्वचितच कोणी बोलतें.

यजमानानेंच सबंध पंगत बदलावी असें एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. अमरावतीकडचे गाडगे महाराज, जन्म १८७६, यांनीं आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणें मद्यमांस न ठेवतां गोडाचें जेवण घातलें. पुढें देवापुढें बकरीं मारण्याविरुद्ध ते १९५६ सालीं निधन होईपर्यंत बोलत राहिले. असें धैर्य सर्वांना कोठून येणार? खर्डीचा सामान्य माळकरी कोणाची पंगत मोडीत नाहीं. तो आपल्यापुरता बाजूला बसतो. लग्नघरीं हळदीच्या दिवशीं माळकऱ्यांची पंगत निराळी मांडतात, आणि ती आधीं उठावी असा यजमानाचा प्रयत्न असतो.

मुंबई-कल्याणास नोकरीला असलेला, दयेनें वा वैद्याच्या सल्ल्यानें मांस सोडलेला, पण गळ्यांत माळ नसलेला तरुण सणाला घरीं आला म्हणजे त्याची पंचाईत अधिक. त्याचा नियम कोणास दिसत नाहीं. “माळ नाहीं, वार नाहीं, मग खात कां नाहींस, बाबा?” असें आजी विचारते, आणि तिचा प्रश्न रास्तच असतो. अशानें दोन दिवस आधीं आईला निरोप धाडलेला बरा; नाहींतर त्याच्या वांटणीचे वाल भिजत घातलेले नसतात.

भाद्रपदांत गौरी येतात. कोंकणपट्टींत पुष्कळ घरीं गौरीला तिखटाचा, म्हणजे मांस-मासळीचा, नैवेद्य असतो, आणि शेजारींच गणपति बसलेला असतो. त्याला मोदकावांचून दुसरें चालत नाहीं. अशा कांहीं घरांत नैवेद्य दाखवितांना दोघांच्या मध्यें पडदा धरतात. गौरीचें ताट पुढें होतें, हात जोडले जातात आणि मग पडदा काढून घेतात.