गच्चीवरून तेजोमेघांचे दर्शन

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि त्याच सुमारास महाराष्ट्राचे आकाशही ढगांच्या पडद्यातून मोकळे होते. थंडीच्या रात्री पुणे, ठाणे किंवा सोलापूरच्या एखाद्या उपनगरातील गच्चीवर उभे राहिले, तर मृग नक्षत्र सहज ओळखता येते. मात्र त्याच्या सभोवतीचे आकाश काळे नसते. ते धुरकट, पिवळट असते. पथदिवे, दुकानांचे फलक, मंगल कार्यालयांची रोषणाई यांचा वर गेलेला उजेड हवेतील धूळ आणि बाष्प यांवर विखुरतो व पुन्हा खाली येतो. त्यात मंद तारे बुडून जातात. अशा आकाशाखालून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या वायुमेघाचे छायाचित्र घेता येईल, हे सहसा कोणाला पटत नाही. तरीही ते घेता येते. आणि ते घेण्याची रीत व्यापारी घराला मुळीच परकी नाही.

घराच्या बागेतील दुर्बीण

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पसरलेले वायू आणि धूळ यांचे प्रचंड मेघ. मृगातील बाणाच्या तीन ठळक ताऱ्यांच्या दक्षिणेस मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ दिसते. तिच्या मधोमध मृगातील प्रसिद्ध तेजोमेघ आहे. तेथे आजही नवे तारे जन्म घेत आहेत. त्याचे पहिले छायाचित्र अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये घेतले. पुढे १८८३ मध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी लंडनच्या ईलिंग उपनगरात, आपल्या घराच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच मेघाचे असे छायाचित्र मिळवले की, दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उमटले. कॉमन हे व्यवसायाने सांडपाणी-व्यवस्थेचे अभियंता होते. आकाश हा त्यांचा छंद होता. १८८४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरवले.

थेंबे थेंबे तळे साचे

डोळा क्षणाक्षणाला आलेला प्रकाश पाहून सोडून देतो. कॅमेरा तो साठवतो. आजचा छंदी छायाचित्रकार एकच दीर्घ चित्र घेत नाही. तो एक-दोन मिनिटांची शेकडो चित्रे घेतो आणि संगणकावर ती एकमेकांवर रचतो. यामागचा हिशेब सोपा आहे. शंभर चित्रे एकत्र केली, तर मेघाचा प्रकाश शंभरपट जमा होतो. पण चित्रात दाणेदारपणा आणणारा ‘नॉइज’ केवळ दहापट वाढतो. शहरी आकाशाचा उजेडही शंभरपट जमतो, हे खरे. तो वजा करता येतो, परंतु त्याने आणलेला नॉइज मागे उरतोच. म्हणून आकाश जितके उजळ, तितके तास अधिक. काळ्याभोर आकाशाखाली जे एका रात्रीत साधते, त्यासाठी गच्चीवर अनेक रात्री द्याव्या लागतात. रोजची छोटी जमा न कंटाळता कीर्दीत मांडणाऱ्यालाच वर्षअखेरीस शिल्लक दिसते, तसेच हे आहे.

पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. त्यांचा पाठलाग करण्यासाठी कॅमेरा फिरत्या बैठकीवर बसवतात आणि तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखतात. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजाच्या जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. समोर एखादी इमारत असली की तो दिसतच नाही. त्यामुळे उत्तरेकडची बाजू मोकळी असलेली गच्ची ही पहिली गरज. चित्रे रचण्यासाठी ‘सिरिल’ व ‘डीप स्काय स्टॅकर’ यांसारख्या संगणक-प्रणाली विनामूल्य मिळतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून कार्यरत असलेल्या संस्थेत जाणकारांची सोबतही लाभते. महागडी सामग्री आधी विकत घेऊन मग शिकण्यापेक्षा आधी शिकून मग घेणे शहाणपणाचे.

एकेक फिल्टर, एकेक नय

शहरी छायाचित्रणाची खरी किल्ली आहे फिल्टर. तेजोमेघातील वायू सर्व रंगांत चमकत नाही. ठरावीक रंगांतच चमकतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५००.७ चा, तर गंधकाचा गडद लाल सुमारे ६७२ चा असतो. केवळ तेवढाच प्रकाश आत घेणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावला की, शहराचा बहुतेक उजेड बाहेरच अडतो.

हायड्रोजनच्या फिल्टरमधून मेघाचे एक रूप दिसते, ऑक्सिजनच्या फिल्टरमधून दुसरे. यांपैकी कोणतेही खोटे नाही आणि कोणतेही एकटे पूर्ण नाही. अनेकान्ताच्या शिकवणीत वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. एकेक नय सत्याची एक बाजू दाखवतो. सगळे एकत्र मांडले म्हणजे वस्तूचे स्वरूप उलगडू लागते.

जे पैशाने परत मिळत नाही

मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. कृत्तिकेभोवतीचा निळा मेघ स्वतः चमकत नाही. त्यातील धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते. तो प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेडही तसाच असतो. दोन्ही वेगळे करणारा फिल्टर नाही. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड बऱ्याच अंशी गाळता येत असे. एलईडीच्या काळात ती सोयही गेली. तेथे उपाय एकच उरतो, तो म्हणजे अंधार.

हा प्रश्न छंदापुरता नाही. पहिल्या पावसानंतर रात्रभर जळणाऱ्या फलकाखाली, दुकानाच्या पायरीवर, सकाळी पंखवाल्या किड्यांचा सडा पडलेला असतो. दिव्याकडे ओढले जाणारे सूक्ष्म जीव हे रात्रिभोजन-त्यागामागचे एक कारण मानले गेले आहे. जे घर त्या जीवांच्या रक्षणासाठी सूर्यास्तापूर्वी ताट उचलते, त्याच घराच्या दुकानाचा फलक पहाटेपर्यंत जळावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे: प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळणे. गिऱ्हाईक नसताना जळणारा दिवा याहून वेगळा कशात मोडेल?

बदल अशक्य नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. शहरात तेवढा अंधार येणार नाही. पण फलकाला वेळेवर बंद होणारा टायमर बसवणे, गोदामाच्या दिव्याला वरून झाकण घालून उजेड जमिनीकडे वळवणे आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावणे प्रत्येकाच्या हातात आहे. त्यात विजेचे बिल वाचते, जीव वाचतात आणि गच्चीवर कॅमेरा लावून बसलेल्या घरातील मुलाला मृगातील मेघ थोड्या कमी तासांत गवसतो.