कवडशात दिसलेला मेंदू

पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या एखाद्या जुन्या कौलारू कारखान्यात दुपारी डोकावणाऱ्याला एक साधे दृश्य दिसते. सरकलेल्या कौलातून उन्हाचा कवडसा आत उतरलेला असतो आणि त्यात मातीची व रंगाची धूळ कणाकणाने तरंगत असते. दार सताड उघडले की कारखानाभर उजेड होतो. धूळ मात्र दिसेनाशी होते. उजेड वाढला असता दिसणे कमी व्हावे, हा विरोधाभास कोकणातील घराघराच्या परिचयाचा आहे. मेंदूच्या अभ्यासात गेल्या दोन दशकांत ज्या उपकरणाने मोठी मजल मारली, तो ‘लाइट शीट’ सूक्ष्मदर्शक नेमक्या याच अनुभवावर उभा आहे.

शाळेतील सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येतो, वस्तूच्या आरपार जातो आणि डोळ्यात शिरतो. वस्तू पातळ असेल तोवर हे ठीक. ती जाड असली तर वरचे, मधले आणि खालचे थर एकाच वेळी उजळतात व चित्र धूसर होते. म्हणून मेंदूचे पातळ काप करून ते रंगवून पाहण्याची रीत पडली. याच रीतीने स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी मज्जापेशींची अपूर्व चित्रे रेखाटली आणि १९०६ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परंतु मज्जापेशीचा तंतू दूरवर गेलेला असतो. सुरी फिरली की त्याचे तुकडे होतात, आणि तुटलेल्या सुताचे दुसरे टोक शेकडो कापांतून शोधीत बसावे लागते.

लाइट शीट सूक्ष्मदर्शकात उजेड बाजूने दिला जातो. लेसरचा किरण भिंगाने पसरवून त्याचा मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा पापुद्रा केला जातो, आणि पाहणारे भिंग त्याच्याशी काटकोनात बसविले जाते. साहजिकच एका वेळी एकच थर उजळतो. बाकीचे अंधारातच राहतात. पापुद्रा थराथराने पुढे सरकतो आणि संगणक त्या चित्रांतून अखंड आकृती उभी करतो. मूर्तिकार पाट फिरवून मूर्ती चहूबाजूंनी न्याहाळतो, तसा येथे नमुनाही फिरविता येतो. शिवाय ज्या थराकडे पाहायचे नाही त्यावर उजेड पडत नसल्याने जिवंत पेशी होरपळत नाहीत.

ही कल्पना तशी जुनी आहे. रिचर्ड झिग्मोंडी व हेन्री सिडेंटोप्फ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच बाजूने उजेड टाकून काचेतील सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाहिले होते. झिग्मोंडी यांना रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल मिळाले. जीवशास्त्राने मात्र ही युक्ती दीर्घकाळ दुर्लक्षिली. १९९३ साली गिनीपिगच्या अंतर्कर्णाच्या अभ्यासात ती पुन्हा वापरली गेली, आणि २००४ साली हायडेलबर्ग येथे यान हुइस्केन, एर्न्स्ट श्टेल्त्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचे रूप दिले.

अडचण उरली ती मेंदूच्या अपारदर्शकतेची. तिचे उत्तर कोणत्याही स्वयंपाकघरात सापडते. भजी ठेवलेल्या कागदाला तेल लागले की त्यातून पलीकडचे दिसू लागते. कागदाचे तंतू आणि त्यांमधील हवा यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्याने प्रकाश विखुरतो. हवेची जागा तेलाने घेतली की तो फरक घटतो. त्याच न्यायाने मेंदूतील पाणी काढून योग्य द्रव भरला, तर मेंदू काचेसारखा स्वच्छ होतो. लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी हा मार्ग शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी दाखविला होता. २००७ साली हान्स-उल्रिख डोट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला प्रकाशाच्या पापुद्र्याची जोड देऊन उंदराचा अख्खा मेंदू न कापता पाहिला.

तो मेंदू अर्थात मृत होता. जिवंत मेंदूसाठी संशोधक वळले ते झेब्रा माशाकडे. हा इवलासा पट्टेदार मासा भारतीय उपखंडातील संथ ओढ्यांचा व भातखाचरांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांमध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे पिल्लू मुळातच पारदर्शक असते आणि त्याच्या मेंदूत सुमारे एक लाख मज्जापेशी असतात. पेशी कार्यरत होताच चमकणारे प्रथिन त्यात घालून मिशा आरेन्स व फिलिप केलर यांनी २०१३ साली अमेरिकेत जवळजवळ संपूर्ण मेंदूचे चित्रण केले. सुमारे १.३ सेकंदांत एक फेरी, आणि तीत ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशी एकेक करून ओळखता आल्या.

येथे सावधगिरी हवी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि तो कवटीआड आहे. या प्रकाशाला तेथे वाट नाही. माशाच्या डोळ्यालाही लेसरचा उजेड दिसतो, तेव्हा पाहण्यानेच पाहिले जाणारे बदलण्याचा धोका राहतो. शिवाय लाख पेशी चमकताना दिसल्या म्हणजे विचार कसा होतो हे कळले, असे नव्हे. चित्र हा पुरावा असतो. उलगडा त्यानंतर करावयाचा असतो.

तरीही या कथेतून पेण-रोह्याच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी घ्यावे असे बरेच आहे. कवडसा त्यांच्या घरातला, तेलकट कागद त्यांच्या स्वयंपाकघरातला, आणि मासा भातखाचरांतला. मेंदूविज्ञानही काही सातासमुद्रापलीकडचे नाही. खाडीपलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांनी गर्भावस्थेत मेंदू कसा घडतो यावर केलेल्या कामाला २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक लाभले. लाइट शीट यंत्र महाग असते हे खरे. परंतु ते स्वतः जुळविण्याचे आराखडे २०१३ पासून जगाला खुले आहेत.

पूर्ण यंत्र शाळेच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी त्याचे तत्त्व तसे नाही. काचेच्या बरणीत पाणी, त्यात दुधाचे दोन-चार थेंब, एक साधा लेसर आणि त्याच्यासमोर आडवी धरलेली काचेची कांडी एवढ्यावर प्रकाशाचा पापुद्रा पाण्यात उभा राहतो. लेसर कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची दक्षता शिक्षकाने घ्यावी आणि वर्ग अंधारा करावा. मग विद्यार्थ्यांनी बरणीकडे बाजूने पाहावे, आणि पाण्याचा एवढाच थर का उजळला हे शिक्षकाने सांगण्याआधी त्यांनीच विचारावे.