रक्तातला दाह आणि अर्धांगवायूनंतरची सुधारणा

समजा, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंब गावात उसाला दारे धरताना एका शेतकऱ्याचे तोंड वाकडे झाले, उजवा हात गळाला, बोलणे अडखळू लागले. हा अर्धांगवायूचा झटका. बहुतेक वेळा मेंदूच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकल्याने तो येतो.

मोठी रोहिणी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करतात. मोठी गुठळी बारीक नळी घालून बाहेरही काढता येते.

परंतु रोहिणी मोकळी झाल्यावरही काही रुग्ण चालू लागतात, तर काही अंथरुणाला खिळून राहतात. असे का? वय, झटक्याची तीव्रता आणि वाया गेलेला वेळ ही कारणे आहेतच. आणखी एक धागा रक्तात सापडतो.

बोटाला जखम झाली की ते लाल होऊन सुजते. यालाच दाह म्हणतात. मेंदूतल्या पेशी मरतात तेव्हाही असेच घडते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. त्यांच्यातून सुटणारी द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या करतात. त्यामुळे सूज आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याच वेळी लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी घटतात आणि न्यूमोनियासारखा संसर्ग सहज होतो.

या दोहोंचे गुणोत्तर रक्ताच्या साध्या तपासणीतून काढता येते. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर गुणोत्तर २. तेच ८० आणि १० झाले, तर ८. उपचारानंतर हे गुणोत्तर चढे राहिलेल्या रुग्णांची सुधारणा सरासरीने कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिनही अशीच खूण देते.

मात्र खूण म्हणजे कारण नव्हे. मोठ्या झटक्यात जास्त पेशी मरतात, म्हणून दाहही जास्त दिसतो. शिवाय संसर्गानेही हे आकडे वाढतात. चीनमध्ये हे प्रथिन वाढलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवर कोल्चिसीन या दाहशामक औषधाची चाचणी झाली. २०२४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण या औषधाने कमी झाले नाही. धूर मोजता आला म्हणजे आग विझवता आली असे नाही.

म्हणून वर्गात गुणोत्तराचे हे गणित जरूर करून घ्यावे, पण त्याआधी तीन लक्षणे पाठ करून घ्यावीत: वाकडे तोंड, गळालेला हात, अडखळते बोलणे. यांतले एकही अचानक दिसले, तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात. रक्ताचा अहवाल नंतर येतो. घरातल्या शाळकरी मुलाने टिपलेली वेळ आधी कामी येते.