मोटारीतील थांबलेले घड्याळ

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात, क्रोमियमच्या मुलाम्यापासून आसनांच्या कातड्यापर्यंत सर्व काही पूर्ववत केलेली १९५० नंतरच्या दशकातील एखादी अमेरिकन मोटार पाहावी, तिचे वेगमापक, इंधनमापक, तापमापक आपापली कामगिरी इमानाने बजावीत असावेत, आणि त्यांच्याच शेजारचे घड्याळ मात्र भलत्याच वेळेवर स्थिर झालेले असावे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, डॅशबोर्डवरील घड्याळ हे मुळातच शोभेपुरते बसविलेले, अल्प मुदतीचे यंत्र होते, असा समज जाणत्या रसिकांतही रूढ झाला आहे. हा समज त्या यंत्रावर अन्याय करणारा आहे. ही घड्याळे झिजून क्वचितच बंद पडतात. बहुधा ती मोटार दीर्घकाळ उभी राहिल्यामुळे बंद पडतात, आणि त्यामागील कार्यकारणभाव ज्याने एकदा समजून घेतला, त्याला ती पुन्हा चालती करणे फारसे दुर्घट वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीत बसत ती आठ दिवसांनी किल्ली द्यावयाची घड्याळे. अमेरिकेतील वॉल्थम कंपनीची अशी घड्याळे त्या काळी विशेष नावाजलेली होती. पुढे बॅटरी ही मोटारीची कायमची सोबतीण झाल्यावर किल्ली देण्याचे काम विजेवर सोपविण्याची तजवीज झाली, आणि अमेरिकेत बोर्ग व वेस्टक्लॉक्स, तर जर्मनीत कीन्झले, यांच्या कारखान्यांतून अशी घड्याळे मोठ्या संख्येने निघू लागली. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ पासून मोटारींची जुळणी केली आणि पुढे कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यात डॉज व प्लिमथ जुळविल्या गेल्या. त्या कुळातील ज्या मोटारी आपल्याकडे अद्याप जपलेल्या आहेत, त्यांच्या मालकांनाही हा विषय परका नाही.

या घड्याळाची रचना मला यंत्रकलेतील एक अत्यंत सुंदर कल्पना वाटते. काटे फिरविणारे गतिमान अंग पूर्णतः यांत्रिक आहे: दंतचक्रे, तोलचक्र, केसासारखी बारीक कमान. त्यांना चालना देणारी मुख्य कमान मात्र अगदी आखूड असून एकदोन मिनिटांतच उलगडते; उलगडता उलगडता तिच्यासोबत सरकणारा एक दांडा अखेरीस दोन लहानशा पॉइंटांना परस्परांशी भिडवितो, त्यासरशी बॅटरीचा प्रवाह तारेच्या वेटोळ्यातून वाहू लागतो, वेटोळ्याचे विद्युच्चुंबक बनते, आणि ते त्या दांड्यास असा जोराचा झटका देते की कमान पुन्हा ताणली जाऊन पॉइंट विलग होतात व प्रवाह खंडित होतो. हा सारा व्यवहार डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी उरकतो. शांत उभ्या मोटारीत ठराविक अंतराने ऐकू येणारा ‘खट्’ असा आवाज याच झटक्याचा.

आता मोटार काही महिने उभी आहे अशी कल्पना करावी. घड्याळ दर खेपेस थोडीथोडी वीज घेत राहते, बॅटरी आपण होऊनही क्षीण होत जाते, आणि अखेर अशी एक वेळ येते की पॉइंट भिडतात, प्रवाह वाहतो, परंतु दांडा उडविण्याइतका जोर त्यात उरलेला नसतो. पॉइंट भिडलेले ते भिडलेलेच राहतात. क्षणभरासाठी योजिलेला प्रवाह अखंड वाहू लागतो आणि वेटोळे तापत जाते. कीन्झलेच्या घड्याळांत या आपत्तीचा बंदोबस्त म्हणून थोड्या उष्णतेने वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक सांधा ठेवलेला असे. तो निखळला की मंडल तुटून वेटोळे वाचे. ज्यांत अशी सोय नाही, त्यांत वेटोळेच जळण्याचा संभव असतो. दुसरा शत्रू अधिक संथ आहे: पॉइंट विलग होताना वेटोळ्यात उत्पन्न होणाऱ्या उलट विद्युद्दाबाने प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते, आणि वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी पॉइंटांवर काजळी व खळगे पडून अखेर त्यांतून प्रवाहच जाईनासा होतो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ पॉइंटांपासून करावा. अत्यंत बारीक कानशीने ते हलकेच समतल करावेत, स्पिरिटात भिजविलेल्या कागदाच्या पट्टीने पुसावेत, आणि त्यांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. दंतचक्रांच्या खुंट्यांवरील जुने तेल गोंदासारखे चिकट झालेले असते. ते शुद्ध द्रावकाने धुऊन काढून घड्याळजीच्या तेलाचा सुईच्या अग्राएवढा थेंब प्रत्येक खुंटीस द्यावा. वरून तेलाचा फवारा मारण्याची गॅरेजमधील सवय येथे घातक ठरते. निखळलेला सांधा जोडताना नेहमीचे सोल्डर वापरले, तर घड्याळ चालेल खरे, पण पुढील संकटसमयी तो सांधा वितळणार नाही आणि वेटोळे बळी जाईल. तेव्हा कमी तापमानास वितळणारी मिश्रधातूच आणावी. काटे रात्री चमकणाऱ्या रंगाचे असल्यास विशेष जपावे: जुन्या रंगांत रेडियम असे, चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग गेलेला नसतो, आणि तो रंग खरवडून त्याची धूळ श्वासावाटे आत घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

ठिणगीवर आज एक सोपा उपाय उपलब्ध आहे. वेटोळ्याच्या दोन टोकांना समांतर असा एक लहान सिलिकॉन डायोड जोडला की उलट दाब त्यातूनच जिरून जातो व पॉइंटांचे आयुष्य पुष्कळ वाढते. मात्र डायोडची पट्ट्याची बाजू धन टोकाकडेच हवी. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, तेथे इतरांचे अनुकरण करून तो उलटा जोडला गेल्यास मंडल सरळ शॉर्ट होते. बॅटरीच्या दाबाकडेही लक्ष हवे: शेव्हर्लेने १९५५ साली ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्टची व्यवस्था स्वीकारली. त्यापूर्वीच्या मोटारीत कोणी नंतर १२ व्होल्टची बॅटरी बसविली असेल, तर घड्याळापुरता दाब कमी करण्याची स्वतंत्र तजवीज केल्याखेरीज त्यास वीज देऊ नये.

राहिला क्वार्ट्झचा प्रश्न. जुने यंत्र काढून त्याच तबकडीमागे, सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकाचे यंत्र बसवावे, त्यास १२ व्होल्टवरून सुमारे दीड व्होल्टवर आणणारे छोटे मंडल जोडावे, आणि जुन्या काट्यांची भोके नव्या दांडीस जुळवून घ्यावीत, हा फेरफार आता प्रचलित आहे. वेळेच्या अचूकतेत तो निर्विवाद सरस ठरतो, आणि वेटोळे जळून खाक झाले असेल तर त्याची शिफारस मीही करीन. पण त्याने तो ‘खट्’ आवाज जातो. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स-रॉइसच्या जाहिरातीत, ताशी ६० मैलांच्या वेगातही गाडीतील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचाच असतो, असे अभिमानाने नमूद केले होते. तो काळ ज्यांना प्रिय आहे त्यांनी निदान दुरुस्त होण्याजोगे यंत्र तरी क्वार्ट्झसाठी बरखास्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बदल करणेच भाग पडले, तर तबकडीस किंवा खोक्यास नवे छिद्र न पाडता तो करावा, आणि काढलेले यंत्र काट्यांच्या भोकांतील मूळ कड्यांसह डबीत घालून मोटारीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, म्हणजे पुढील मालकास ते पुन्हा बसविता येईल. आणि दुरुस्त केलेले यंत्रच कायम ठेवले, तर पावसाळाभर मोटार झाकून ठेवण्यापूर्वी घड्याळाची तार सोडवून ठेवावी, अथवा बॅटरीस भरणयंत्र जोडलेले राहू द्यावे.