पोटरीतला गोळा आणि ज्येष्ठमध

इसवी सन २०० च्या सुमारास, चीनमधली हान राजवट मोडकळीला आली असताना, चांग चुंगचिंग या वैद्याने तापाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यातला एक रुग्ण असा: चुकीचा काढा देऊन घाम काढलेला, हातपाय गार, घसा कोरडा, जीव कासावीस आणि पोटऱ्या आखडलेल्या. वैद्याने आधी ज्येष्ठमध आणि सुंठ उकळून दिली. अंगात ऊब परतल्यावर मग दुसरा काढा: पिओनी या फुलझाडाच्या मुळ्या आणि ज्येष्ठमध, समभाग. तीन मापे पाणी दीड मापापर्यंत आटवायचे, गाळायचे, कोमट असताना दोन वेळा घ्यायचे. मग पाय सरळ होतात.

मला या नोंदीत औषधाइतकाच क्रम मोलाचा वाटतो. त्या काळी शरीरातल्या क्षारांचे ज्ञान नव्हते. तरी घाम गेलेल्या रुग्णाला आधी ऊब द्यायची आणि मग गोळ्यावरचा काढा, हे वैद्याने टिपून ठेवले. आपल्याकडे चरकसंहितेने वाताच्या ऐंशी विकारांत पोटऱ्या पिळवटण्याला ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हणून वेगळे स्थान दिले. तेल लावून शेकण्याची आपली घरगुती रीत त्याच विचारातली.

चिनी काढा जपानात पोचला आणि ‘शाकुयाकु-कान्झो-तो’ झाला. मेइजी काळात वैद्यकीचा परवाना पाश्चात्त्य शास्त्राच्या परीक्षेशी बांधला गेला. जुन्या वैद्यांना वाचवू पाहणारे विधेयक १८९५मध्ये संसदेने फेटाळले, तेव्हा ही विद्या संपलीच असे वाटावे. पण १९१०मध्ये वादा केइजुरो या पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच तिच्या बाजूने पुस्तक लिहिले. १९७६मध्ये अशा अनेक काढ्यांच्या अर्कांना राष्ट्रीय आरोग्य विम्यात जागा मिळाली. आज तिथले डॉक्टर यकृताचा सिरॉसिस झालेल्यांना, डायलिसिसवरच्या रुग्णांना पायांत गोळे आले की याच काढ्याची पूड लिहून देतात. सिंकोनाच्या सालीतल्या क्विनाइनचे नशीब उलटे निघाले. पायांच्या गोळ्यांसाठी ते वर्षानुवर्षे सर्रास घेतले जाई. रक्तातल्या प्लेटलेट घसरणे, हृदयाची लय बिघडणे असे धोके दिसल्यावर अमेरिकेने १९९४मध्ये या कामासाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला.

ज्येष्ठमधाचीही दुसरी बाजू आहे. अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये ती मांडली. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराचे काम अडवते. मग शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. सूज येते, रक्तदाब चढतो, स्नायू दुबळे होतात आणि गोळेही येऊ शकतात. म्हणजे ज्यासाठी औषध घेतले तेच दुखणे औषधाने ओढवून आणायचे. जपानी पुडीच्या दिवसाच्या मात्रेत ६ ग्रॅम ज्येष्ठमधाचा अर्क असतो. इतर बऱ्याच काढ्यांत तो १ ते ३ ग्रॅमचा असतो. मूळ ग्रंथात काढा दोन वेळा घेण्यापुरता आहे, महिनोन्‌महिने नाही. पाककृती शतके ओलांडून आली, तिच्या सोबतचा हा आवर मात्र पुष्कळदा मागे राहिला, याची मला काळजी वाटते.

आपल्या घरांत ज्येष्ठमध घशासाठी असतो, आणि कांडी चघळण्याने सहसा काही बिघडत नाही. रोज चमचाभर पूड घेणे वेगळे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम आधीच उतरलेले असू शकते, आणि पायांतले गोळे त्यामुळेच येत असतील. अशा माणसाला कुणी ज्येष्ठमध सुचवला, तर आधी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना विचारावे.