मूळ कथा आणि तिच्या कडेच्या कथा : एका आकाशकथासंग्रहाच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्यातील गावांत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री खडीगंमत किंवा दंडार उभी राहते. खडीगंमतीत आधी गण, मग गवळण. दूधदही घेऊन मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवितो, दाण मागतो, आणि त्या बोलाचालीत गावातील ताज्या गोष्टींनाही चिमटे बसतात. प्रेक्षक मनमुराद हसतो. पण त्याची कृष्णभक्ती त्यामुळे तसूभरही उणी होत नाही. सर्वांना ठाऊक असलेली थोर कथा आणि तिच्या कडेने रचलेली लहानशी थट्टेची कथा यांचा परस्परसंबंध कोणता, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका दूरच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे ‘स्टार वॉर्स टेल्स’ हा अमेरिकन चित्रकथासंग्रह.

आकाशातील साम्राज्ये, राजकन्या आणि खड्गधारी वीर यांच्या अद्भुतकथा मराठी वाचकास अगदीच परक्या नाहीत. 1934 मध्ये वृत्तपत्रांतून सुरू झालेली ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रमालिका पुढे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून आपल्याकडे आली, आणि इंद्रजालची पुस्तके मराठीतही निघत असत. याच फ्लॅश गॉर्डनवर चित्रपट काढण्याची जॉर्ज लुकास यांची इच्छा होती. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचेच विश्व उभारले. त्या विश्वाचा पहिला चित्रपट ‘स्टार वॉर्स’ 1977 मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा व्याप पुढे कादंबऱ्या, चित्रकथा आणि खेळ यांतून इतका वाढला, की कोणती घटना ‘खरोखर घडली’ असे मानावयाचे, याविषयी वाचकांत शास्त्रार्थ सुरू झाले.

अशा वेळी, 1999 मध्ये, डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने ‘स्टार वॉर्स टेल्स’ हे त्रैमासिक काढले. 2005 पर्यंत त्याचे 24 अंक निघाले व ते सहा खंडांत संकलित झाले. प्रत्येक अंकात निरनिराळ्या लेखक-चित्रकारांच्या स्वतंत्र लघुकथा असत. त्यांत गंभीर कथा होत्या, तशाच निव्वळ विनोदीही. पहिल्या 20 अंकांतील कथांस ‘इन्फिनिटीज’, म्हणजे अनंत शक्यतांच्या कथा, या वर्गात घालण्यात आले होते. त्या मूळ विश्वास बांधील नव्हत्या, आणि मूळ विश्वही त्यांस बांधील नव्हते. ही मोकळीक एकविसाव्या अंकापासून काढून घेण्यात आली.

या मोकळिकीचा उपयोग लेखकांनी कसा केला, हे तीन कथांवरून स्पष्ट होईल. पहिल्या चित्रपटात एक शेतकरी यंत्रमानव विकत घेत असता निवडलेला तांबडा यंत्रमानव ऐनवेळी बिघडतो, म्हणून दुसरा घेतला जातो आणि पुढील सारे कथानक घडते. पीटर डेव्हिड यांनी पहिल्याच अंकात या तांबड्या यंत्रमानवास नायक केले. त्यास दिव्यदृष्टी आहे. भविष्य ओळखून तो जाणूनबुजून स्वतःस मोडून घेतो. येथे मूळ कथेतील एकही घटना बदललेली नाही. केवळ योगायोगाच्या जागी आत्मत्याग आला. नवव्या अंकात मुळात कधीच समोरासमोर न आलेल्या दोन खलपुरुषांचे द्वंद्व रंगविले आहे. एकोणिसाव्या अंकात तर हान सोलो हा वीर आपल्याच पृथ्वीवरील अरण्यात येऊन पडतो, मरतो, आणि कालांतराने त्याचे अवशेष इंडियाना जोन्स या दुसऱ्याच चित्रपटमालिकेतील संशोधकास सापडतात. पहिली कथा मूळ कथेतील फट बुजविते, दुसरी तिच्यात नसलेली भेट घडविते, तर तिसरी तिची कुंपणेच ओलांडते.

आता पुन्हा गवळणीकडे वळू. तिच्यात वावरणाऱ्या पेंद्याचे नाव भागवतात आढळत नाही, आणि दाण मागण्याचा प्रसंगही तेथे नाही. पेंद्याला मराठी संतकाव्याने व लोकरंगभूमीने घडविले. म्हणजे गौण पात्रास पुढे आणणे, फट बुजविणे आणि आजचा काळ पुराणात घुसविणे या तिन्ही युक्ती आपल्या रंगमंडळींना पूर्वीपासून अवगत आहेत. ‘इन्फिनिटीज’ या शिक्क्याने तिकडे जे साधले, ते खडीगंमतीत प्रयोगाच्या क्रमाने साधते. गणात वंदन झाले, की पुढील थट्टेस परवानगी मिळाली असे प्रेक्षक समजतो. हा संकेत कोणी लिहून दिलेला नाही. तो रसिकांच्या सवयीत आहे.

फरक आहे तो मालकीचा. अमेरिकन विश्वास धनी आहे. 2012 मध्ये ते विश्व डिस्ने कंपनीने विकत घेतले आणि एप्रिल 2014 मध्ये, मुख्य चित्रपट व मोजक्या मालिका वगळता, आधीच्या बहुतेक सर्व कथा ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा, ठरविण्यात आल्या. ज्या वाचकांनी त्या कथा इतिहास म्हणून जिवापाड जपल्या होत्या, त्यांस हा आघात वाटला. पेंद्याला मात्र असे कोणीही पदच्युत करू शकत नाही. कृष्णकथेवर कोणाचीच मालकी नाही.

तथापि या स्वातंत्र्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. पदच्युत झाल्या तरी त्या 24 अंकांतील कथा छापील रूपात शाबूत आहेत. उलट गवळणीतील विनोद बहुतांशी कलावंताच्या जिभेवर असतो. तो त्या रात्री, त्या गावाच्या झाडीबोलीत सुचतो, आणि कलावंताबरोबर जातो. धनी नाही म्हणून त्यास कोणी रद्द करू शकत नाही, आणि धनी नाही म्हणूनच त्यास कोणी जपूनही ठेवीत नाही.

झाडीबोली व झाडीपट्टीची लोककला यांच्या अभ्यासाची वाट साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घालून दिली आहे. त्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने गवळणीची एकच ‘शुद्ध’ संहिता शोधण्याचा मोह टाळावा. कोणत्या गावी, कोणत्या मंडळीने, कोणत्या प्रसंगी काय म्हटले, ते सर्व भेदांसह टिपून घ्यावे. ही शिस्त आपणांस बाहेरून आणावयाची नाही; लीळाचरित्राच्या परंपरेत पाठभेद स्मरणकर्त्याच्या नावासह नोंदविलेले आहेत. प्रमाण कोणते, हा वाद नंतर करता येईल. त्यासाठी कथा हाती असली पाहिजे.