कॉक्लिओमाया माशी : जीवनक्रम आणि नियंत्रण

प्रस्तावना : कॉक्लिओमाया ही धातुवत निळसर-हिरवी चमक असलेल्या माश्यांची अमेरिका खंडातील प्रजाती होय. तिच्यातील मॅसेलारिया ही जाती प्रामुख्याने मृत मांसावर वाढते. होमिनीव्होरॅक्स मात्र उष्ण रक्ताच्या जिवंत प्राण्यांवरच परजीवी असते.

जीवनक्रम : मादी जखमेच्या कडेला अंड्यांचा पुंजका घालते. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडून ५ ते ७ दिवस जिवंत ऊती खातात व पुढे जमिनीत कोषावस्थेत जातात. उपचाराअभावी जनावर दगावू शकते.

नियंत्रण : मादी बहुधा आयुष्यात एकदाच मीलन करते. म्हणून वंध्य नराशी मीलन झाल्यास तिच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडत नाहीत. निप्लिंग व बुशलँड यांच्या संशोधनातून साकारलेल्या या पद्धतीने १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून ही माशी नाहीशी झाली. १९६६ मध्ये संयुक्त संस्थाने व २००६ मध्ये पनामा मुक्त घोषित झाले. तथापि २०२३ मध्ये पनामात प्रादुर्भाव पुन्हा बळावला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मेक्सिकोत पोहोचला.

निष्कर्ष : कीटकाचे निर्मूलन ही एकदा साधून विसरण्याची गोष्ट नव्हे. भारतात आढळणारी क्रायसोमाया बेझियाना निराळ्या प्रजातीची असली तरी तिच्या अळ्याही जिवंत ऊतींवरच जगतात. त्यामुळे हा अनुभव आपल्या पशुवैद्यकालाही मार्गदर्शक ठरतो.